परिशिष्ट सात

फाइल आली तेव्हा ल्यूव्हेनमध्ये दुपारी साडेचारलाच दिवे लागले होते.
तक्रारदार: तुवेस्सा. नोंदणीकृत ट्रेडमार्क, एकतीस देशांत.
प्रतिवादी: एंडेल तांबेर्ग, वय बहात्तर, हाप्सालू, एस्टोनिया.
वादाचा विषय तेरा अक्षरं.
पहिली सात कंपनीची,
उरलेली सहा, त्यांच्या भाषेत 'दुरुस्ती',
ती त्याची.

मी एकटीच लवाद. फी ठरलेली.
मुदत चौदा दिवस.

कंपनीची दोनशे बारा पानं.
त्याचं दीड, आणि तेही बहुधा
शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलीने इंग्रजीत करून दिलेलं:
'विणायची यंत्रं बनवणं तुम्ही अडतीस वर्षांपूर्वी सोडलंत.
यंत्रांनी विणणं सोडलेलं नाही.
पट्टीतला स्पंज कुजतो, मग सुया उडतात.
तो स्पंज मी कापून देतो. चार युरो.
यंत्रावर तुमचंच नाव कोरलंय.
मी त्याला काय म्हणून हाक मारू?'

आणि परिशिष्ट सात, तेही कंपनीनेच जोडलेलं,
'बेकायदा वापराचा पुरावा':
एक तळहात. त्यावर सुई,
तिची इवलीशी झडप अर्धी उघडी.
अंगठ्याचं नख काळंनिळं.
रेषांत अडकलेली लाल लोकर.

आमचे प्रश्न छापील असतात.
नाव तेच आहे का? आहे.
ते लावायचा त्याला हक्क आहे का?
दुरुस्त करणाऱ्याने, जे दुरुस्त करतो त्याचं नाव घ्यावं,
एवढी मुभा असते,
फक्त आपण कोण ते लपवू नये.
त्याने पानाच्या माथ्यावरच लिहिलं होतं, ठळक:
मी तुवेस्सा नाही. मी एंडेल.

निकाल मी इथवर त्याच्या बाजूने लिहिला,
चहा केला,
आणि परिशिष्ट एकतीस उघडलं.

मार्चमधलं तेच पान, अगदी तळाशी:
दुसऱ्या कंपनीची दोन यंत्रं, जपानी, विकणे आहेत.
नव्वद युरोला एक.

एकाच्या पाटीखाली दुसऱ्याचा माल.
इथे कायदा हसत नाही.
त्याने खुलासा दिला होता: लाइने वारली,
तिच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती,
यंत्रं माझ्या शेडमध्ये आली.
एक गेलं. दुसरं अजून आहे, हवं असेल तर कळवा.

हवं असेल तर कळवा, हे तो
मला लिहीत होता, लवादाला.

मी कळवलं नाही.
डोमेन तक्रारदाराच्या स्वाधीन करावं, असं लिहिलं,
सही केली, तारीख घातली.
फीतून बूट घेतले. अजून चांगले आहेत.

तो पत्ता आता टाकला की
तुवेस्साचं मुख्य पान उघडतं. कॉफीची यंत्रं.
'विणकाम' शोधलं तर शून्य निकाल,
आणि विचारतात: तुम्हाला 'वाफ' म्हणायचं होतं का?

नाव जिंकलं त्यांनी. आता ते
कुणी वापरत नाही, तेसुद्धा.

दीड वर्षाने, कशासाठी ते मला सांगता येणार नाही,
मी हाप्सालू, स्पंज, सुई असं काहीतरी शोधत बसले होते.
तिसऱ्या पानावर सापडला. नवा पत्ता: वाकडी सुई.
खाली एकच वाक्य:
ज्या यंत्राचं नाव मला घेता येत नाही, ते मी दुरुस्त करतो.

त्यावर मोजून एकशे सहा बायकांचे निरोप.
कुणी लिहिलंय, तेच, हिरव्या झाकणाचं.
कुणी, आईचं, तुम्हाला माहीतच आहे.
एकीने नुसता फोटो टाकलाय:
यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
मधोमध, नाव होतं तिथे,
चिकटपट्टी.